कुत्र्याला आधी तपासणी, मग औषध



धान लोंबीवर आलं की रात्री रानडुकरांचा कळप बांधीत उतरतो. त्या वेळी धुऱ्यावर पहिला भुंकतो तो आपला कुत्रा. खळ्यावरची रास, कोठ्यातली वासरं, सांदवाडीतल्या कोंबड्या यांचा राखणदार तोच. बैलाला आपण खुरकुताची लस टोचून घेतो, शेळीला जंताचं औषध पाजतो. कुत्र्याला मात्र उरलेली भाकर आणि फार तर पिसाळू नये म्हणून एक सुई, एवढ्यावर आपण भागवतो.

हे पत्रक कुत्र्याच्या रक्तातल्या जंताविषयी आहे. तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या शौकिनांचं काम, आम्हाला काय त्याचं? काम आहे. आपला गोंदिया जिल्हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे. हत्तीपायाचा जंत आणि कुत्र्याच्या हृदयातला जंत हे एकाच कुळातले, आणि दोन्ही डासामार्फतच पसरतात. त्यामुळे गावात दोन चुकीच्या समजुती सहज रुजू शकतात. पहिली, हत्तीपाय कुत्र्यापासून होतो. दुसरी, माणसांसाठी वाटलेली हत्तीरोगाची गोळी कुत्र्याला दिली तर त्याचेही जंत मरतील. पहिल्या समजुतीने आपण खरं कारण सोडून भलत्याच्या मागे लागतो. दुसरीने कुत्रा जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

हृदयातला जंत म्हणजे काय?

पोटातला जंत शेणातून, विष्ठेतून पडताना दिसतो. हा जंत तसा दिसत नाही. तो राहतो कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांत. शेवयाच्या तारेसारखा पांढरा, बारीक, लांब. मादी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढी. नर तिच्या निम्म्याहून थोडा अधिक. कुत्र्याच्या अंगात तो पाच ते सात वर्षे जगतो. शास्त्रात त्याला डायरोफायलेरिया इमायटिस म्हणतात. आपण त्याला हृदयजंत म्हणू.

मादी अंडी घालत नाही, जिवंत सूक्ष्म अळ्या सोडते. त्या रक्तात फिरतात. डास अशा कुत्र्याला चावला की रक्ताबरोबर अळ्या डासाच्या पोटात जातात. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत दहा ते चौदा दिवसांत त्या पक्व होऊन डासाच्या सोंडेशी येतात. मग तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळी त्याच्या कातडीत शिरते. डासाच्या अंगात गेल्याशिवाय अळीची पुढची वाढ होत नाही. म्हणून एकत्र जेवल्याने, चाटल्याने किंवा चावल्याने हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. मधे डास लागतोच.

कातडीत शिरलेल्या अळीला हृदयापर्यंत जाऊन, मोठी होऊन, स्वतःच्या अळ्या सोडायला सहा ते सात महिने लागतात. हा आकडा लक्षात ठेवा. तपासणीचं सगळं गणित त्यावर आहे.

सुरुवातीला कुत्र्यात काहीच दिसत नाही. पुढे कोरडा खोकला येतो, थोडं धावलं की धाप लागते. कुत्रा वाळतो, अंगावर तेज राहत नाही. रोग बळावला की पोटात पाणी होतं आणि कुत्रा धावता धावता कोसळतो. पण ही लक्षणं दुसऱ्या रोगांतही असतात. नुसत्या खोकल्यावरून हृदयजंत ठरवता येत नाही. रक्त पाहावंच लागतं.

हत्तीपाय कुत्र्यापासून होतो का?

नाही. आपल्याकडे माणसाला हत्तीपाय आणि अंडवृद्धी करणारा जंत वेगळा. त्याचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. तो माणसातच वाढतो, कुत्र्यात नाही. गावातली सगळी कुत्री हाकलून दिली तरी हत्तीरोग एका घरातूनही कमी होणार नाही. तो एका माणसाच्या रक्तातून डासामार्फत दुसऱ्या माणसाकडे जातो.

माणसाच्या रक्तातल्या या अळ्या १८७२ साली कलकत्त्यात डॉ. लुईस यांनी पाहिल्या. त्या डासाच्या अंगात वाढतात, हे १८७७ साली चीनमध्ये डॉ. मॅन्सन यांनी दाखवलं. आणखी एक गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. माणसातल्या या अळ्या दिवसा फुप्फुसाच्या खोल वाहिन्यांत दडून असतात आणि रात्री अंगभर फिरतात. म्हणूनच आरोग्य खात्याची मंडळी रात्री साडेआठनंतर बारापर्यंत दार ठोठावतात आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतात. काहींना वाटतं, दिवसा वेळ नसतो म्हणून रात्री येतात. तसं नाही बरं का. दुपारी घेतलेल्या थेंबात रोगी माणूससुद्धा निरोगी दिसू शकतो. रात्री कोणी थेंब मागायला आलं तर झोपमोड झाली म्हणून परत पाठवू नका.

कुत्र्याच्या कुळातले जंत माणसाला अगदीच लागत नाहीत असंही नाही. कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा एक वेगळा जंत आहे, डायरोफायलेरिया रेपेन्स. तो क्वचित डासामार्फत माणसात शिरतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली किंवा कातडीत गाठीसारखा सापडतो. केरळात असे रुग्ण अनेकदा नोंदले गेले आहेत. डॉक्टर तो जंत चिमट्याने काढून टाकतात. त्यापासून हत्तीपाय होत नाही.

गोळीचा धोका कुठे आहे?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. हत्तीरोगाच्या मोहिमेत माणसांना डी.ई.सी. आणि अल्बेंडाझोल या गोळ्या देतात. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळीही देतात. या गोळ्या माणसांना रक्त न तपासता देतात. कारण ज्याच्या अंगात जंत नाही त्याला सहसा काही होत नाही. ज्याच्या अंगात अळ्या आहेत त्याला ताप, डोकेदुखी, मळमळ होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. हा त्रास म्हणजे अळ्या मरत असल्याची खूण आहे. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि अतिशय आजारी माणसं सोडून सर्वांनी गोळ्या घ्याव्या, जेवून घ्याव्या, आणि कार्यकर्त्यासमोरच गिळाव्या.

पण गोळ्या घरात घेऊन देवळीत ठेवल्या जातात, आणि मग खोकणाऱ्या कुत्र्याकडे पाहून कोणाच्याही मनात येऊ शकतं, की जंताचीच गोळी आहे, घालून पाहू भाकरीत. हे करू नका. हृदयजंताच्या अळ्या रक्तात असलेल्या कुत्र्याला डी.ई.सी. दिलं तर थोड्याच वेळात त्याला जोराचा झटका बसू शकतो. तोंडातून लाळ गळते, ओकाऱ्या होतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, अंग थंड होतं, कुत्रा आडवा पडतो. त्यातून तो मरू शकतो. माणसाच्या जंताला चालणारं औषध कुत्र्याच्या जंतावर असं उलटतं.

दुसरा धोका सुईचा. गोचीड-खरजेसाठी गुराढोरांना आयव्हरमेक्टिनची सुई देतात. त्याच कुळातलं औषध कुत्र्यातला हृदयजंत रोखायलाही वापरतात, हे खरं. पण प्रमाण पाहा. रोखण्यासाठी दर किलो वजनाला ६ मायक्रोग्रॅम पुरतात. पंधरा किलोच्या कुत्र्याला झाले ९० मायक्रोग्रॅम. गुरांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये असतात १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे बैलाच्या बाटलीतून अंदाजाने एक मिलिलिटर टोचलं तर शंभरपटीहून अधिक औषध गेलं. अळ्या असलेल्या कुत्र्याला आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते फार महागात पडतं. मी शेतकी खात्यातला माणूस, पशुवैद्य नव्हे. म्हणून औषधाचा डोस या पत्रकात देत नाही. तो पशुवैद्यकानेच ठरवायचा, आणि तोसुद्धा रक्त पाहिल्यावर.

रक्त कसं तपासतात?

तपासणी तीन प्रकारची आहे.

१) ओला थेंब. कुत्र्याच्या रक्ताचा ताजा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अळ्या असतील तर रक्तपेशींना ढकलत वळवळताना दिसतात. स्वस्त आणि पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी घेतलेल्या रक्तात अळ्या जास्त सापडतात. दोष असा, की अळ्या थोड्या असल्या तर एका थेंबात त्या हुकतात.

२) गाळ काढून तपासणी. एक मिलिलिटर रक्तात त्याच्या नऊ-दहा पट पातळ फॉर्मेलिन मिसळतात. त्याने तांबड्या पेशी फुटतात. मग नळी यंत्रात गरगर फिरवतात. अळ्या तळाशी बसतात. तो गाळ निळ्या रंगाने रंगवून पाहतात. हिला नॉट यांची पद्धत म्हणतात. धान पाखडून दाणा वेगळा करावा तसं हे काम. थोड्या अळ्याही सापडतात, आणि कोणत्या जंताच्या आहेत हेही ओळखता येतं.

३) पट्टीची तपासणी. मोठ्या मादी जंताच्या अंगातून काही अंश रक्तात उतरतो. रक्ताचे थेंब पट्टीच्या खाचेत टाकले की दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते. रक्तात अळ्या नसल्या तरी हृदयात मादी असेल तर ही पट्टी ते सांगते. पट्टी महाग पडते. शिवाय नुसते नर जंत असतील, किंवा मादी अजून लहान असेल, तर रेघ उमटत नाही.

एक तपासणी पुरेशी का नाही, ते यावरून कळेल. काही कुत्र्यांच्या हृदयात जंत असतात पण रक्तात अळ्या नसतात. तिथे काच फसते, पट्टी सांगते. उलट, रक्तात अळ्या दिसल्या म्हणजे त्या हृदयजंताच्याच असं नाही. लडाख, दिल्ली, सिक्कीम आणि मुंबई इथल्या कुत्र्यांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत तीन प्रकारचे जंत सापडले. एक हृदयजंत. दुसरा कातडीखालचा रेपेन्स. तिसरा पिसवा आणि उवांमार्फत पसरणारा, फारसा अपाय न करणारा. भारतात हृदयजंत ईशान्येकडच्या राज्यांत अधिक आढळतो, तर दक्षिणेत कातडीखालचा. म्हणून काचेवर अळी दिसताच घाबरून जायचं नाही आणि औषधही द्यायचं नाही. कोणती अळी, हे आधी विचारायचं. हृदयजंताची अळी लांब, निमुळत्या डोक्याची आणि सरळ शेपटीची असते. निरुपद्रवी जंताची अळी त्याहून आखूड, बोथट डोक्याची. तिची शेपटी कधी आकड्यासारखी वळलेली असते. जाणकाराला गाळाच्या तपासणीत हा फरक दिसतो.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. तिथे सोय नसेल तर नमुना कुठे पाठवायचा, ते पशुवैद्यक सांगतील. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि आपल्याला रेल्वेने जवळ आहे. रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून पशुवैद्यकच घेतील. आपण कुत्र्याच्या तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधून त्याला धरायचं. ओरखडा किंवा दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

तपासणी केव्हा करावी?

आपल्या पिकाच्या हिशेबाने सांगतो. आषाढ-श्रावणात रोवणी चालते तेव्हा डास फार. समजा जुलैत डासाने कुत्र्याच्या अंगात अळी सोडली. सहा-सात महिने मोजा. जानेवारी-फेब्रुवारी येतो, म्हणजे उन्हाळी धानाच्या रोवणीचा काळ. त्याआधी तपासलं तर रक्त कोरं दिसेल आणि आपण फसू. म्हणून पावसाळ्यात लागलेला रोग शोधायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्त पाहावं. याच कारणाने सात महिन्यांखालच्या पिल्लाची तपासणी करून उपयोग नाही.

निवाऱ्यातली कुत्री

आता कुत्र्यांच्या निवाऱ्यांकडे वळू. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांनी करावं, असं प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणच्या आवारातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. जिथे एका छपराखाली पुष्कळ कुत्री येतात तिथे एक आजारी कुत्रा आणि भरपूर डास एवढं रोग पसरायला पुरतं. कोंडवाड्यात खुरकुताचं एक जनावर शिरलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. फरक एवढाच, की खुरकुत चार दिवसांत दिसतो आणि हृदयजंत सात महिने लपून राहतो.

परदेशातलं उदाहरण पाहा. २००५ साली अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना नावाचं चक्रीवादळ आलं. बेवारस झालेली हजारो कुत्री निवाऱ्यांतून दूरदूरच्या राज्यांत नेली. त्यांतल्या काही कुत्र्यांचं रक्त पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांत हृदयजंत निघाला. दिसायला ती धडधाकट होती. जिथे हा रोग कमी होता अशा ठिकाणीही ती पोचली.

यावरून निवारा चालवणाऱ्या ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा संस्थेने एवढं तरी करावं:

१) सात महिन्यांवरचा कुत्रा आत आला की रक्त पाहावं. पैसा कमी असेल तर आधी गाळाची तपासणी करावी आणि पट्टी खोकणाऱ्या व दत्तक जाणाऱ्या कुत्र्यांसाठी राखावी.

२) कोरं रक्त निघालं तरी सहा-सात महिन्यांनी पुन्हा पाहावं. आत येताना अंगात असलेली लहान अळी तेव्हा उघडी पडते.

३) प्रत्येक कुत्र्याची चिठ्ठी ठेवावी: कुठून आला, केव्हा तपासला, काय निघालं.

४) रोगी कुत्र्याला मारू नये, सोडूनही देऊ नये. डास जाणार नाहीत अशा जाळीच्या खोलीत ठेवून उपचार करावा. इतर कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डासांच्या दिवसांत दर महिन्याला प्रतिबंधक औषध द्यावं.

तुम्ही राखणीसाठी निवाऱ्यातून कुत्रा आणणार असाल तर ही चिठ्ठी मागून घ्या. बैल घेताना आपण दात पाहतोच की.

जंत निघाला तर?

उपचार आहे, पण लांबचा. आधी काही आठवडे जंताचं बळ कमी करणारं औषध, मग जंत मारणारं, असं पशुवैद्यक टप्प्याटप्प्याने करतात. या काळात कुत्र्याला विश्रांती हवी. मेलेल्या जंताचे तुकडे फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात. अशा वेळी कुत्रा रानडुकराच्या मागे धावला तर जागीच दगावू शकतो. म्हणून त्याला काही महिने घराजवळ बांधून ठेवा आणि राखणीची दुसरी सोय करा.

डास आपल्याच सांदवाडीत जन्मतो

माणसाचा हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. मोरीचं डबकं, गोठ्यामागची नाली, संडासाची टाकी ही त्याची घरं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. हृदयजंत पसरवणाऱ्या डासांत हा तर आहेच, पण रांजण, टायर, फुटक्या मडक्यातल्या स्वच्छ पाण्यात होणारे डासही आहेत. तळ्या-बोड्यांचा आपला मुलूख, बांधीतलं पाणी तर आपण काढू शकत नाही. पण घराभोवतीचं काढू शकतो.

सांडपाण्याला शोषखड्डा करा. नाली वाहती ठेवा. साचलेल्या गटारात जळकं तेल टाका. वापरात नसलेल्या विहिरीत आणि टाक्यात गप्पी मासे सोडा. संडासाच्या हवेच्या नळीला जाळी बांधा. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवा. डासाला आठ-दहा दिवस लागतात, आपण सातव्या दिवशी पाणी ओतलं की त्याची वाढ तिथेच खुंटली. एवढ्या एका कामात माणूस आणि कुत्रा दोघांचंही रक्षण आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• हत्तीपाय कुत्र्यापासून होत नाही. तो माणसाकडून डासामार्फत माणसाला होतो.

• हत्तीरोगाच्या गोळ्या माणसांनी जेवून, कार्यकर्त्यासमोर गिळाव्या. घरात ठेवू नयेत. कुत्र्याला कधीही देऊ नयेत.

• रात्री रक्ताचा थेंब मागायला आले तर द्या.

• गुरांची सुई कुत्र्याला अंदाजाने टोचू नका.

• कुत्रा खोकतो, धापा टाकतो, वाळतो, तर पशुवैद्यकाकडे न्या आणि रक्त तपासा म्हणून सांगा.

• पावसाळ्यानंतरची तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. अळी दिसली तर कोणत्या जंताची, ते विचारा.

• आठवड्यातून एक दिवस साचलेलं पाणी काढा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चावडीवर वाचून दाखवा.